सीडी प्लेअर चकती घेईना, ‘नो डिस्क’ दाखवतो. लेझर हेड बदलायचं का?

सेलूकर

नमस्कार मंडळी. गावातल्या मंदिरात पहाटेच्या काकड्याला आणि संध्याकाळच्या हरिपाठाला लावायची जुनी म्युझिक सिस्टिम आहे. रेडिओ, कॅसेट आणि ट्रे बाहेर येणारा एक सीडी डेक. रेडिओ-कॅसेट ठणठणीत, सीडी मात्र घेईना. लक्षणं अशी:

ट्रे आत जातो, सात-आठ सेकंद आतून चिक-चिक येतं आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. कंपनीच्या छापील सीडी दहातून तीन-चार वेळा घेतो. घरी बर्न केलेल्या अजिबात नाही. चुकून घेतलीच तर पहिले दोन-तीन अभंग अडखळतात, शेवटचे मात्र सरळ चालतात. सकाळी जास्त वेळा घेतो, संध्याकाळी सातनंतर जवळजवळ नाहीच. बाजारातली ब्रशवाली क्लीनिंग सीडी दोनदा फिरवून झाली, फरक शून्य.

दुकानात सांगितलं, हेड गेलंय, बदला. हेडवर एसएफ-पी१०१एन असं छापलंय, रिबन १६ पिनांची आहे. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन आहे, दोन्ही वापरता येतात. हेडच गेलंय हे पक्कं कसं ओळखायचं? मंडळाची बरीच भजनं फक्त या चकत्यांवरच आहेत, म्हणून घाईनं काही करायचं नाही.

मांजराकाठ

सेलूकर, हेड इतक्यात मागवू नका. तुमच्या लक्षणांत एक गोष्ट फार कामाची आहे: सुरुवातीचे अभंग अडखळतात आणि शेवटचे चालतात.

सीडी आतून बाहेरच्या दिशेनं वाचली जाते. लेन्ससमोरून चकतीवरच्या नोंदींची पट्टी सरकण्याचा वेग कायम ठेवावा लागतो, सेकंदाला १.२ ते १.४ मीटर. आतला घेर लहान, म्हणून तिथं चकती मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत २०० च्या आसपास येते. म्हणजे मोटारीची खरी कसोटी सुरुवातीलाच. आणि चकतीची अनुक्रमणिका, ज्याला आपण टीओसी म्हणतो, तीही अगदी आतल्या कडेलाच लिहिलेली असते. मोटार दमलेली असेल तर तिथंच हुकतं, टीओसी वाचून होत नाही आणि सेट ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होतो. चकती आत असूनही.

याच्या उलट असतं, म्हणजे सुरुवात छान आणि चाळीस-पन्नास मिनिटांनी अडकतंय, तर मी मोटारीकडे बघितलंही नसतं. तेव्हा संशय जातो हेड ज्या दांड्यावर सरकतं त्यावरच्या वाळलेल्या ग्रीसवर, गिअरच्या दातांतल्या कचऱ्यावर, घडीजवळ तुटलेल्या रिबनवर, नाहीतर वाकड्या चकतीवर. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच अडखळत असेल तर लेन्स घाण किंवा लेझर क्षीण.

तुमच्याकडे बर्न केलेल्या चकत्याही चालत नाहीत, त्यामुळे लेन्सही घाण असणार. एकाच सेटमध्ये दोन-तीन किरकोळ दोष एकत्र आले की सगळे हेडला दोष देतात. म्हणून आधी झाकण उघडा आणि क्रम बघा.

प्लग काढून झाकण काढा. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला, फ्यूजजवळ, हात जाणार नाही असं इन्सुलेशन टेप लावून घ्या. मग खोलीत अंधार करून, चकती न घालता, चालू करून ट्रे आत घ्या. बघायचं ते हे:

पहिल्यांदा हेड मधल्या मोटारीकडे सरकतं आणि तिथल्या लहानशा स्विचला टेकून थांबतं. थांबलं नाही आणि गिअर कट-कट करत घसरत राहिला तर तो स्विच गंजलाय. मग लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते आणि तिच्यात बारीक लालसर ठिपका दिसतो. हा लेझर ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. डोळ्याला जेमतेम दिसतो म्हणून तो कमी आहे असं समजू नका. लेन्समध्ये सरळ डोकावायचं नाही. वीतभर अंतरावरून तिरकं बघा, किंवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, तिथं जांभळट-पांढरा ठिपका स्पष्ट येतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा फिल्टर असतो, त्यात न दिसल्यास घाबरू नका.

आता चकती घालून तेच बघा. लेन्स वर-खाली झाल्यावर फोकस सापडला तरच चकती फिरू लागते. बहुतेक सेटमध्ये हा नियम पक्का असतो. चकती अजिबात हललीच नाही तर दोष फोकसपर्यंतच्या भागात. चकती फिरली आणि मग ‘नो डिस्क’ आलं, तर लेझर आणि फोकस निदान जिवंत आहेत. तुमच्याकडे कोणतं होतंय ते लिहा. फिरते ती झटक्यात की रेंगाळत, हेही.

गोदाकाठ

लेन्सबद्दल मी लिहितो, मंदिरातल्या सेटची घाण वेगळी असते.

उदबत्ती, धूप आणि कापूर यांच्या धुरानं लेन्सवर तेलकट पापुद्रा बसतो. वरून बघितलं तर लेन्स स्वच्छ वाटते. तिरक्या उजेडात धरली की निळसर चमक जाऊन धुकट दिसते, ती खूण. हा थर ब्रशवाल्या सीडीनं निघत नाही. ती फक्त सुटी धूळ झटकते. शिवाय त्या केसांचा झटका लेन्सच्या बारीक तारांना बसतो, म्हणून माझ्या मते ती सीडी कपाटातच ठेवावी.

साफ करायची रीत: आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल अजिबात नाही. लेन्स प्लास्टिकची आहे, एका फटक्यात पांढरी पडते. आधी रबरी ब्लोअरनं हवा मारा, तोंडानं फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून कागदावर दाबा, ओलसर राहिला पाहिजे, गळता नको. मग लेन्सच्या मध्यापासून बाहेर असा गोल, पापणीला हात लावावा इतक्या हलक्या हातानं, दोन फेऱ्या. दुसरा कोरडा बड घेऊन एक फेरी. पापुद्रा जुना असेल तर दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. लेन्स किंचित हलते, हलू द्या. ती चार बारीक तारांवर किंवा रबरी बिजागरीवर लटकलेली असते, पण बाजूला ढकलायची नाही.

लेन्सच्या खाली एक तिरका आरसा असतो, त्यावरही धूळ बसते. तिथं बड जात नाही. लेन्सच्या कडेनं ब्लोअरची नळी धरून चार-पाच फुंकर मारा. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या भागात हवेत जे तंतू उडतात ते इथं आणि मोटारीच्या दांड्याभोवती सापडतात. चिमट्यानं काढा.

हेडचा दांडा पुसून, वाळलेलं पिवळं ग्रीस अल्कोहोलनं काढून, प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस भाताच्या शिताएवढं लावा. खोबरेल तेल नको. थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात वाहून लेन्सवर येतं.

एक विचारायचं राहिलं: बर्न केलेल्या चकत्या ऑडिओ सीडी म्हणून बर्न केल्यात की एमपी३ च्या फाइली टाकल्यात? सेटवर एमपी३ असं लिहिलेलं नसेल तर फाइलवाली चकती त्याला कळत नाही, मग हेड नवं टाका नाहीतर काही करा.

बिंदुसरा

एवढं सगळं कशाला? हेडच्या बाजूला बारीक प्रीसेट, म्हणजे स्क्रूसारखा फिरवायचा रेझिस्टर, असतो. छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं थोडा फिरवा, लेझरचा जोर वाढतो, चकती घेतो. पाच मिनिटांचं काम.

मांजराकाठ

बिंदुसरा भाऊ, चकती घेतो हे खरं, पण किती दिवस ते सांगायला पाहिजे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला फार फिरतो आणि चांगली हेड त्यानं मरतात.

लेझर डायोडच्या पाठीमागं एक फोटोडायोड बसवलेला असतो, तो उजेड मोजत राहतो आणि सर्किट त्यावरून करंट कमी-जास्त करतं. प्रीसेट म्हणजे त्या तराजूचं माप. कारखान्यात प्रत्येक हेडला ते वेगळं लावलेलं असतं. लेन्सवर धूर बसला तर उजेड लेन्सच्या बाहेर कमी पडतो, डायोडच्या आत नाही. सर्किटला वाटतं सगळं ठीक. आपण प्रीसेट फिरवला की डायोड जास्त तापतो, घाण तशीच राहते. या डायोडला जास्त करंट क्षणभरही सोसत नाही. त्याच्या स्फटिकाचं तोंड करपलं की लेझर नुसता लाल दिव्यासारखा उजळतो, वाचत काही नाही.

लेझर खरंच क्षीण झालाय का, हे मोजून ठरवता येतं. सोनीच्या केएसएस मालिकेच्या हेडवर लेबल असतं, त्यातला शेवटचा तीन आकडी भाग करंट सांगतो: ४५५ म्हणजे ४५.५ मिलिअँपिअर. लेझर ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरला लागून जो लहान रेझिस्टर असतो त्यावरचा व्होल्टेज मोजायचा आणि त्याच्या ओहमनी भागायचा. समजा २२ ओहमवर १ व्होल्ट आला, तर करंट ४५ च्या थोडा वर. लेबलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त करंट ओढत असेल तर डायोड म्हातारा झालाय, हेड बदला. लेबलाइतकाच असेल तर लेझरला हात लावू नका.

आणि तरीही कुणाला प्रीसेट फिरवायचाच असेल, तर प्लग काढून त्याचा आधीचा ओहम मोजून लिहून ठेवा, आणि मार्करनं खूण करा. परत यायची वाट तरी राहील. सेलूकर, तुमच्या सेटमध्ये प्रीसेट शिवू नका.

सेलूकर

सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. निकाल लिहितो.

लेन्स तिरक्या उजेडात खरंच धुकट होती. दोनदा पुसली, आता निळसर चमक आली. दांड्यावरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, काढून नवं लावलं. चकती न घालता: हेड आत येऊन थांबतं, लेन्स तीनदा वर-खाली होते, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसतो.

चकती घालून: फिरायला सुरुवात करते पण रेंगाळत. कधी अर्धा फेरा घेऊन थबकते, मग सुटते. बोटानं हलकेच ढकलून दिली तर लगेच वेग घेते आणि टीओसी वाचते!

बर्न केलेल्यांपैकी दोन एमपी३ निघाल्या, त्या बाजूला काढल्या. बाकीच्या पाच ऑडिओच आहेत. त्यांतल्या तीन आता कधी-कधी घेतो, पूर्वी एकही नव्हती. पण संध्याकाळचं दुखणं तसंच. सातनंतर छापील सीडीसुद्धा घेईना.

मांजराकाठ

बोटानं ढकलल्यावर चालतंय म्हणजे मोटार. आता मोजून खात्री करू.

चकती फिरवणारी स्पिंडल मोटार साधी ब्रशची डीसी मोटार असते. ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारी पत्ती, झिजून त्याचा चुरा कम्युटेटरच्या, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या कप्प्यांच्या, फटींत बसतो आणि दोन कप्प्यांना जोडून टाकतो, किंवा एखादा कप्पा काळा पडून तिथं करंटच पोचत नाही. मोटार थांबताना त्या जागी थांबली की सुरू होत नाही. दुसऱ्या जागी थांबली की सुरू होते. म्हणून दहातून तीनदा.

प्लग काढा. मोटारीच्या दोन वायरींपैकी एक सोडवा, नाहीतर मोटार चालवणारा ड्रायव्हर आयसी मोजमापात मिसळतो. मल्टिमीटर २०० ओहमवर लावून दोन टोकांना धरा आणि चकती जिच्यावर बसते ती वरची बैठक बोटानं अगदी हळू, एका फेऱ्याला निदान दहा जागी थांबत फिरवा. थांबल्यावरचा आकडा घ्या. फिरत असताना मोटार स्वतः व्होल्टेज तयार करते, तो आकडा खोटा. चांगल्या मोटारीत सगळ्या जागी जवळपास सारखा आकडा येतो. आकडा किती यापेक्षा सारखा येतो का ते महत्त्वाचं. एका जागी एकदम तीन-चार ओहम, किंवा दुसऱ्या जागी उघडं सर्किट, असं आलं की मोटार गेली.

तात्पुरता इलाज असा: दोन्ही वायरी सोडवून ९ व्होल्टची बॅटरी मोटारीला पाच सेकंद सुलट, पाच सेकंद उलट लावा, असं चार-पाचदा. वेगानं फिरल्यानं चुरा उडतो. सर्किटला जोडलेली असताना हे कधीच करू नका, ड्रायव्हर आयसी जळेल. यानं मोटार काही आठवडे, कधी काही महिने चालते. मंदिरात रोज लावायचं असेल तर नवीच घाला.

वैजापूरचा सर्किटवाला

संध्याकाळचा भाग मोटारीनं पूर्ण सुटत नाही. सातनंतर तुमच्या गावात व्होल्टेज किती असतं, ते मोजा.

हिशोब सोपा आहे. असल्या जुन्या सेटमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामागं डायोड, मोठा कंडेन्सर आणि मग ७८०५ हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर. ७८०५ ला बाहेर पूर्ण ५ द्यायला आत निदान ७ लागतात, दोनाचा फरक त्याचा स्वतःचा खर्च. २३० व्होल्टला आत ९ येत असतील आणि घरोघरचे दिवे, मोटारी, शेतीपंप एकदम लागून लाइन १७० वर आली, तर आत ९ चे साडेसहाच्या थोडं वर राहतात. मग बाहेर साडेचार-पावणेपाच. रेडिओ-कॅसेटला ते चालतं म्हणून तुम्हाला सेट ठीक वाटतो. सीडीच्या सर्व्होला, म्हणजे लेन्स आणि मोटार सांभाळणाऱ्या सर्किटला, ते चालत नाही, आणि आधीच दमलेली मोटार त्या व्होल्टेजवर सुरूच होत नाही.

मोजायची जागा: ७८०५ चा छापील भाग तुमच्याकडे आणि पाय खाली ठेवले तर डावा पाय आत, मधला ग्राउंड, उजवा बाहेर. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा, चकती सुरू होत असताना. सोबत मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावून उजव्या पायावर बघा. वीस-तीस मिलिव्होल्टच्या वर गेला तर मोठा कंडेन्सर वाळलाय. त्याचं डोकं फुगलेलं असेल तर मोजायचीही गरज नाही. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पण व्होल्टेज एक पायरी वरचा आणि १०५ डिग्रीचा घ्या. ८५ डिग्रीवाला स्वस्त असतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या सेटला तो घालू नये. लावताना पट्टीची बाजू, म्हणजे ऋण टोक, नीट बघा.

सेलूकर

आकडे आले.

मोटार: बारा जागी मोजली. नऊ जागी १३ ते १५ ओहम, दोन जागी ४, एका जागी उघडं. मांजराकाठ म्हणाले तसंच.

लाइन: दुपारी ३ वाजता २३१, संध्याकाळी साडेसातला १७१. ७८०५ च्या आत दुपारी ९.१ आणि संध्याकाळी ६.७. बाहेर ५.० आणि ४.७. एसीवर दुपारी ८ मिलिव्होल्ट, म्हणजे कंडेन्सर बरा दिसतोय.

नवी मोटार कुठली घेऊ आणि बसवताना काय जपायचं?

मांजराकाठ

मोटारीच्या अंगावर छापलेला नंबर आणि व्होल्टेज तसंच घ्या. नंबर पुसला असेल तर तीन मापं जुळवा: अंगाचा व्यास, दांड्याची जाडी आणि दांड्याची बाहेर आलेली लांबी. स्क्रूच्या दोन भोकांतलं अंतरही. परभणी-नांदेडला नाही मिळाली तर हैदराबादच्या कोटीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बघा. जुनी मोटार खिशात घालून जा. सुटी मोटार मिळत नसेल तर मोटारीसकट पूर्ण मेकॅनिझम मिळतं का तेही विचारा. त्यात बैठकीची उंची कारखान्यातून लावलेली येते आणि पुढचं अर्धं काम वाचतं.

सुटी मोटार बसवताना सगळं त्या उंचीवर अवलंबून आहे. चकती जिच्यावर बसते ती प्लास्टिकची बैठक दांड्यावर दाबून बसवलेली असते. काढण्याआधी व्हर्नियरनं मोटारीच्या पत्र्यापासून बैठकीच्या वरच्या काठापर्यंतची उंची मोजा, ०.१ मिलिमीटरपर्यंत, तीन जागी, आणि लिहून ठेवा. लेन्सची वर-खाली धाव फार तर एखाद मिलिमीटर असते. बैठक अर्धा मिलिमीटर वर-खाली बसली तर फोकस सापडणार नाही आणि नवी मोटार घालूनही ‘नो डिस्क’ येईल. मग माणूस पुन्हा हेडला दोष देतो.

काढताना दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर समोरासमोर घालून दोन्हीकडून सारखा जोर द्या. एका बाजूनं उचकलं तर बैठक चिरते. चिरलेली बैठक डिंकानं चिकटवू नका. ती डगमगते आणि ५०० फेऱ्यांवर चकती थरथरते. बसवताना हातोडी नाही. मोटारीच्या मागं दांड्याचं टोक दिसतं, ते लाकडाच्या सपाट तुकड्यावर टेकवा आणि वरून दुसऱ्या तुकड्यानं, किंवा लहान व्हाइसमध्ये, हळूहळू दाबा. जोर दांड्यावर आला पाहिजे, मोटारीच्या टोपणावर नाही. शेवटचा अर्धा मिलिमीटर थांबून-थांबून, दर वेळी मोजत.

सोल्डर करताना वायरींची धन-ऋण बाजू जुनीसारखीच ठेवा. उलट लागली तर चकती उलटी फिरते आणि सेट तीन सेकंदांत सोडून देतो. गन मोटारीच्या टोकाला तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मोटारीच्या आतलं ब्रश धरणारं प्लास्टिक वितळून ब्रश हलतो.

वरच्या दाबणीतलं चुंबक आणि रबरी कडाही पुसून घ्या. तिथं धूर बसला की चकती बैठकीवर घसरते आणि लक्षण मोटारीसारखंच येतं.

पुढं-मागं हेडच बदलायची वेळ आली तर दोन गोष्टी लिहून ठेवा. एसएफ-पी१०१एन १५ आणि १६ अशा दोन्ही पिनांत येतं, तुमचं १६ चं आहे, पिना मोजूनच घ्या. आणि नव्या हेडच्या पट्टीवर सहसा शिशाचा एक थेंब दोन टिकल्या जोडून टाकलेला असतो. तो स्थिर विजेपासून डायोड वाचवायला असतो. आधी रिबन लावायची, मग तो थेंब काढायचा. उलट क्रमानं केलं तर हाताच्या विजेनं नवं हेड तिथंच मरू शकतं. आणि थेंब काढायचाच राहिला तर लेझर लागतच नाही, मग दुकानदाराशी भांडण होतं.

वैजापूरचा सर्किटवाला

कंडेन्सर बरा आहे, राहू द्या. लाइनसाठी टीव्हीचा लहान स्टॅबिलायझर पुरेल, फक्त १४० व्होल्टपासून उचलणारा बघा. काही स्वस्त स्टॅबिलायझर १७० च्या खाली बंदच होतात आणि तुमची लाइन नेमकी तिथंच आहे. ७८०५ ला दुसरा ट्रान्सफॉर्मर लावून जास्त व्होल्ट द्यायचा मोह टाळा. दुपारी २३१ ला तो तापून बंद पडेल.

गोदाकाठ

मोटार येईपर्यंत चकत्यांचं बघा. तेच जास्त महत्त्वाचं आहे.

कंपनीची चकती आणि बर्न केलेली चकती यांत फरक असतो. छापील चकती निदान ७० टक्के उजेड परत पाठवते. बर्न केलेली साधारण ६५, आणि तिचा डाय, म्हणजे ज्यावर लिहिलं जातं तो रंगाचा थर, उन्हानं आणि उष्णतेनं उतरत जातो. पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे सीडी-आरडब्ल्यू, तर १५ ते २५ टक्क्यांवरच असते. तुमच्या वयाचा सेट ती वाचत नाही, त्यात बिघाड काही नाही. ज्या दोन अजून घेत नाहीत त्या उजेडासमोर धरून बघा. लेबलच्या बाजूनं टाचणीएवढी छिद्रं दिसली तर चमकता थर गेलाय. पुष्कळ जण चमकत्या बाजूचे ओरखडे जपतात, पण नाजूक बाजू लेबलची: तिथं थरावर फक्त लॅकरचा पातळ हात असतो, खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक. बॉलपेननं नाव लिहिलेल्या, कागद चिकटवलेल्या चकत्या म्हणूनच जातात. चिकटवलेला कागद आता ओढून काढू नका, थर सोबत येतो.

चमकत्या बाजूचे ओरखडे मध्यापासून काठाकडे सरळ असतील तर प्लेअर बहुधा निभावून नेतो. प्लेअरमधली चूक-दुरुस्तीची गणितं सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंत सलग गेलेलं भरून काढतात. वर्तुळाच्या दिशेनं गेलेला ओरखडा पट्टीबरोबरच पळतो, तो घात करतो. म्हणून पुसतानाही नेहमी मध्यापासून काठाकडे, गोल कधीच नाही.

आता भजनं. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला संगणक शोधा आणि सगळ्या चकत्या एफएलएसी किंवा डब्ल्यूएव्ही मध्ये, म्हणजे आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाइलींत, उतरवून घ्या, एमपी३ मध्ये नको. एका मिनिटाला सुमारे १० एमबी धरा. तासाभराची चकती डब्ल्यूएव्हीत ६०० च्या थोडं वर, एफएलएसीत त्याहून बरीच कमी. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्राम फुकट आहे, शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि कुठं चूक राहिली ते वेळेसकट दाखवतो. जी चकती एका ड्राइव्हवर वाचत नाही ती दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर कधी कधी वाचते, दोन-तीन बघितल्याशिवाय सोडू नका. दोन प्रती ठेवा, एक मंडळाच्या पेनड्राइव्हवर, एक गावाबाहेर कुणाच्या तरी संगणकावर.

नव्यानं बर्न करताना ‘ऑडिओ सीडी’ निवडा, ८ किंवा १६ च्या वेगानं, आणि शेवटी डिस्क बंद करायचा पर्याय चालू ठेवा. बंद न केलेल्या चकतीत टीओसीच लिहिलेली नसते, मग सेट शोधणार काय?

सेलूकर

नवी मोटार हैदराबादहून आली. बैठकीची जुनी उंची ७.४ होती, नवी ७.४ वरच थांबवली. स्टॅबिलायझर १४० पासूनचा मिळाला. काल साडेसातला लाइन १६८ असताना छापील चकती चार सेकंदांत टीओसी दाखवत सुरू झाली, वीसपैकी वीस वेळा. बर्न केलेल्या पाचपैकी चार घेतल्या. पाचवीत लेबलच्या बाजूनं छिद्रं आहेत, ती संगणकावर उतरवायला घेतलीय. पहिल्या ड्राइव्हवर नऊपैकी सहा अभंग निघाले, उरलेल्या तिघांसाठी उद्या शाळेतल्या संगणकाचा ड्राइव्ह बघतो.

प्रीसेटला हात लावलेला नाही.